ध्वनिफितीतील विजेचा माग : सांगलीतील एका पूरग्रस्त ध्वनिसंग्रहाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सांगलीच्या गावभागातील एका जुन्या वाड्यात, संगीत नाटकांना आयुष्यभर ऑर्गनची साथ केलेल्या एका कलावंताचा खासगी ध्वनिसंग्रह होता. संबंधितांच्या इच्छेनुसार येथे नावे दिलेली नाहीत आणि घराची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. संग्रहात दोन प्रकारची सामग्री होती. पहिली म्हणजे मिनिटाला 78 फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या. त्यांतील काही विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतल्या आणि बहुतेक 1930 नंतरच्या. दुसरी म्हणजे स्पूल टेप, म्हणजे उघड्या रिळांवर गुंडाळलेली चुंबकीय ध्वनिफीत. या टेपवर 1960 नंतरच्या दशकात त्यांच्या मेहुण्यांनी नाटकांचे प्रयोग, तालमी, घरगुती बैठका आणि रेडिओवरचे संगीताचे कार्यक्रम ध्वनिमुद्रित केले होते.

सांगलीत असा संग्रह सापडावा याचे नवल नाही. विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये ‘सीता स्वयंवर’ सादर केले ते येथेच, गोविंद बल्लाळ देवल हे जवळच्या हरिपूरचे, आणि शेजारच्या मिरजेत अब्दुल करीम खाँ यांचे 1937 पर्यंत वास्तव्य होते. 1963 मध्ये सांगलीत आकाशवाणी केंद्र सुरू झाल्यावर स्थानिक गायक-वादकांना आपला आवाज यंत्रातून ऐकण्याची सवय झाली आणि ज्या थोड्या घरांत टेपरेकॉर्डर होता तेथे ध्वनिमुद्रणाचा छंद जडला. हा संग्रह अशाच छंदातून वाढला.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट मानली जाते. त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेले. वाड्याचा तळमजला अनेक दिवस पाण्यात होता. कपाटाचे वरचे दोन कप्पे कोरडे राहिले, खालचे कप्पे मात्र गाळाने भरले. पाणी ओसरल्यावर घरच्यांनी जे सुचले ते केले. तबकड्या धुऊन गच्चीवर उन्हात मांडल्या, टेपची रिळे पुसून वाऱ्यावर ठेवली आणि बुरशी धरलेले पुठ्ठ्याचे खोके फेकून दिले. टेपरेकॉर्डर चिखलाने भरला होता, तो भंगारात गेला. घरात भिंतींना ओल, धान्याची नासाडी आणि आजारपण असताना यापेक्षा अधिक काही होणे शक्य नव्हते.

2020 च्या टाळेबंदीत काम पुढे सरकले नाही, आणि ज्यांनी हे ध्वनिमुद्रण केले होते ते गृहस्थ त्याच वर्षी वारले. जुलै 2021 मध्ये पुन्हा पूर आला. त्या वेळी संग्रह वरच्या मजल्यावर होता म्हणून वाचला, परंतु आता थांबणे योग्य नाही हे सर्वांना पटले. कलावंताची नात महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. तिच्या पुढाकाराने एक छोटा गट तयार झाला. त्यात नभोवाणीतून निवृत्त झालेले एक अभियंते, मिरजेतील व्हॉल्व्हचे (निर्वात नळ्यांचे) ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारे एक जुने कारागीर आणि एका नाट्यसंस्थेचे कार्यवाह होते. गटाच्या नोंदी ठेवण्याचे काम माझ्याकडे होते, आणि हा लेख त्या नोंदींवर आधारलेला आहे.

अडचण नेमकी कोणती होती

सुरुवातीला अडचण सोपी वाटली होती : जुने ध्वनी संगणकावर उतरवायचे. एका व्यावसायिक सेवेकडून दरपत्रक मागवले तेव्हा त्यांनी सर्व सामग्रीसाठी एकच दर, एकच पद्धत आणि शेवटी आवाज ‘स्वच्छ’ करून देण्याची हमी दिली. नमुना म्हणून त्यांच्याकडे दोन तबकड्या पाठवल्या. एक अब्दुल करीम खाँ यांची 1930 नंतरच्या दशकातील होती आणि दुसरी त्याहून बरीच जुनी, एका गायिकेची होती. परत आलेल्या ध्वनीत पहिली बरी वाटत होती. दुसरीत मात्र गायिकेचा आवाज घोंगडीआडून यावा तसा दबला होता आणि त्याच्याखाली सतत घरघर होती. वास्तविक हीच तबकडी घरातल्या चावीच्या ग्रामोफोनवर अधिक मोकळी ऐकू येत असे.

हा फरक का पडला याचा शोध घेताना गटाला जे उमगले तेच या प्रकरणाचे मर्म आहे. प्रत्येक ध्वनिमुद्रणात वीज कोणत्या टप्प्यावर आली, किंवा आलीच नाही, हे ठरवल्याशिवाय ते योग्य रीतीने परत ऐकता येत नाही.

एडिसनने 1877 मध्ये फोनोग्राफ केला आणि बर्लिनरने 1887 मध्ये चपट्या तबकडीचा ग्रामोफोन पुढे आणला. या दोन्ही यंत्रांत ध्वनीच्या वाटेवर वीज नव्हती. गायक कर्ण्यात तोंड घालून गात असे. त्या कर्ण्याच्या टोकाला पातळ पडदा असे, पडद्याला सुई जोडलेली असे, आणि गायकाच्या श्वासात जेवढा जोर असेल तेवढ्यावरच ती सुई मेण कोरत असे. भारतात 1902 मध्ये कलकत्त्याला गौहर जान यांचे जे ध्वनिमुद्रण झाले ते याच पद्धतीचे. कर्ण्यातून साधारण 200 ते 2000 हर्ट्झच्या (सेकंदाला तितक्या कंपनांच्या) आसपासचेच ध्वनी नीट उतरत. तंबोऱ्याची आस जवळजवळ ऐकू येत नसे, तबल्याचा बायाँ हरवत असे, आणि गायकाला सतत वरच्या जोराने गावे लागे. त्या काळच्या गाण्याविषयी आपण जी मते बाळगतो त्यांतील काही गाण्याविषयी नसून कर्ण्याविषयी असतात, असे मला वाटते.

ध्वनीला विजेचे रूप देण्याची कल्पना मात्र ग्रामोफोनच्या आधीची आहे, आणि ती ध्वनी साठवण्यासाठी नव्हे तर दूर पाठवण्यासाठी जन्मली. ओर्स्टेडने 1820 मध्ये विजेच्या प्रवाहाने चुंबकसूची हलते हे दाखवले, फॅरेडेने 1831 मध्ये चुंबकाच्या हालचालीने तारेत वीज निर्माण होते हे दाखवले, आणि या दोन शोधांच्या पायावर बेलने 1876 मध्ये टेलिफोन उभा केला. पडदा हलतो, त्या हालचालीप्रमाणे प्रवाह कमीजास्त होतो, तो तारेतून जातो आणि पलीकडचा पडदा तसाच हलतो. उणीव एकच होती : हा प्रवाह दुबळा होता आणि तो वाढवण्याचे साधन नव्हते. ली डी फॉरेस्टची तीन अग्रांची निर्वात नळी 1906 मध्ये आली आणि पुढच्या काही वर्षांत तिच्यातील प्रवर्धनाची शक्ती ओळखली गेली. वेंटेने 1916 मध्ये धारित्रावर चालणारा मायक्रोफोन तयार केला. अमेरिकेतील टेलिफोन कंपनीच्याच प्रयोगशाळेत मॅक्सफील्ड आणि हॅरिसन यांनी हे दुवे जोडले, आणि 1925 मध्ये मोठ्या ग्रामोफोन कंपन्यांनी विजेवरचे ध्वनिमुद्रण स्वीकारले. आता सुई कोरण्याचा जोर गायकाच्या श्वासातून नव्हे, तर ॲम्प्लिफायरमधून येऊ लागला. ध्वनीचा पट्टा खाली 100 आणि वर सुमारे 5000 हर्ट्झपर्यंत रुंदावला. तोच मायक्रोफोन आणि तीच नळी घेऊन 1927 च्या जुलैमध्ये मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. ध्वनिमुद्रण आणि नभोवाणी यांचा इतिहास आपण वेगवेगळा सांगतो, परंतु ती एकाच साधनाची दोन कामे आहेत.

यातून आमच्यापुढची अडचण स्पष्ट झाली. विजेवर कोरताना खालचे स्वर मुद्दाम दबते ठेवावे लागत, नाहीतर सुई शेजारच्या खाचेत शिरली असती; म्हणून ऐकताना ते पुन्हा उचलावे लागतात. 1954 नंतर यासाठी जे एक सर्वमान्य मानक रूढ झाले त्यात खालचे स्वर बरेच उचलले जातात आणि 10,000 हर्ट्झचा ध्वनी सुमारे 13.7 डेसिबलने उतरवला जातो. व्यावसायिक सेवेने हेच मानक दोन्ही तबकड्यांना लावले होते. ज्या तबकडीत 200 हर्ट्झच्या खाली गायिकेचे काहीच नव्हते, तेथे यंत्राने निव्वळ घरघर उचलली. आणि जे थोडे वरचे स्वर कर्ण्याने पकडले होते ते दाबून टाकले.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय त्या सेवेकडेच काम देऊन प्रत्येक प्रकारासाठी वेगळ्या सूचना देण्याचा होता. त्यात खर्च माफक होता आणि काम लवकर संपले असते. मात्र तबकड्या आणि टेप बाहेरगावी पाठवाव्या लागणार होत्या, आणि सूचना पाळल्या गेल्या की नाही हे तपासायला आमच्यापैकी कोणी तेथे असणार नव्हते.

दुसरा पर्याय सांगलीतच यंत्रणा उभी करण्याचा होता. अभियंत्यांचा कल याकडे होता. मिरजेच्या कारागिरांनी एक जुना स्पूल डेक, म्हणजे स्पूल टेप वाजवणारे यंत्र, मिळवून दुरुस्त करण्याची तयारी दाखवली. धोका एवढाच की, गटातील कोणीही पूरग्रस्त टेप याआधी हाताळली नव्हती.

तिसरा पर्याय कार्यवाहांनी मांडला आणि तो सर्वांत विचार करायला लावणारा होता. त्यांचे म्हणणे असे की, बाजारात विकल्या गेलेल्या तबकड्यांच्या प्रती अन्य संग्राहकांकडेही असतील, त्यामुळे त्यांच्यावर आता शक्ती खर्च करू नये. टेपवर जे आहे त्याची मात्र जगात दुसरी प्रत नाही.

हा युक्तिवाद नातीने आणखी पुढे नेला. तबकडीत ध्वनी खाचेच्या आकाराने साठलेला असतो. वीज नसली तरी चावीचा ग्रामोफोन, सुई आणि कर्णा यांच्या साहाय्याने तो ऐकू येतो. टेपची गोष्ट वेगळी आहे. डेन्मार्कच्या पौलसेनने 1898 मध्ये पोलादी तारेवर चुंबकीय ध्वनिमुद्रण केले, फ्लॉयमरने 1928 मध्ये कागदी पट्टीवर चुंबकीय भुकटी चढवली आणि 1935 मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मॅग्नेटोफोन मांडला गेला. या सगळ्या वाटेत ध्वनी आरंभापासून अंतापर्यंत विजेच्या आणि चुंबकत्वाच्या रूपातच राहतो. टेपला डोळ्यांनी दिसणारी खाच नाही आणि हाताने फिरवून ती ऐकता येत नाही. टेपवरचे चुंबकत्व वाचणारे योग्य हेड, योग्य वेग आणि चालू स्थितीतला डेक मिळेनासा झाला की टेप शाबूत असूनही मुकी होते. असे डेक दरवर्षी कमी होत आहेत.

या विचारानंतर ठरले की टेप आधी घ्यायच्या, काम सांगलीतच करायचे, आणि तबकड्यांपैकी फक्त कर्ण्याच्या काळातल्या दुसऱ्या टप्प्यात घ्यायच्या. माझ्या मते संपूर्ण प्रकरणात हा सर्वांत योग्य निर्णय होता. तो तबकड्यांविषयीच्या ममत्वाच्या विरुद्ध जाऊन घ्यावा लागला, कारण घरच्यांना तबकड्याच अधिक प्रिय होत्या.

टेपवरचे काम

प्रत्येक रीळ प्रकाशासमोर धरून पाहिले गेले. टेपची पट्टी ॲसिटेट किंवा पॉलिस्टर या प्लास्टिकची असते. ॲसिटेटची टेप रिळावर गुंडाळलेली असतानाही थोडा प्रकाश आरपार जाऊ देते, पॉलिस्टर तसे करत नाही. हे ठरवणे आवश्यक होते, कारण चिकटलेल्या पॉलिस्टर टेपला मंद उष्णता देऊन काही काळापुरते चालते करता येते, तर ॲसिटेटला उष्णता दिली तर ती आक्रसते आणि कायमची जाते. आमच्याकडील जुनी रिळे ॲसिटेटची होती आणि काहींना व्हिनेगरसारखा आंबूस वास येत होता. म्हणजे त्यांचा ऱ्हास सुरू झाला होता. गाळ बसलेली रिळे शुद्ध केलेल्या पाण्यात हळूहळू सोडवून, पंख्याखाली सावलीत वाळवून, हाताने दुसऱ्या रिळावर घेण्यात आली. हे काम कंटाळवाणे आणि सावकाशीचे होते, आणि ते घरातल्या दोघी बहिणींनी अतिशय निगुतीने केले.

डेकवर हेडचा कोन प्रत्येक टेपसाठी नव्याने लावला गेला. मूळ यंत्राचे हेड किंचित तिरके असेल तर आपलेही तितकेच तिरके असावे लागते, नाहीतर वरचे स्वर नाहीसे होतात. संगणकावर 96 किलोहर्ट्झ आणि 24 बिट या उच्च दर्जाच्या प्रमाणात मूळ प्रत उतरवायची आणि तिच्यावर कोणतीही प्रक्रिया करायची नाही, हा नियम पहिल्या दिवशीच ठरला.

वेगाचा प्रश्न

खरा पेच वेगाचा होता. खोके फेकले गेल्यामुळे त्यांवर लिहिलेला वेग आणि दिनांक नाहीसे झाले होते. सेकंदाला 19 सेंटिमीटर की 9.5, हे कानाला लगेच कळते. चूक असेल तर आवाज एका सप्तकाने चढतो किंवा उतरतो. परंतु त्या वेगाच्या आतही दोन-चार टक्क्यांचा फरक असू शकतो आणि संगीत नाटकाच्या ध्वनिमुद्रणात तो क्षुल्लक नाही. वेग सुमारे 6 टक्क्यांनी बदलला की स्वर एका अर्धस्वराने सरकतो; काळी एकमध्ये गाणारा नट काळी दोनच्या दिशेने गेलेला दिसतो आणि ताना वास्तवापेक्षा वेगवान वाटतात. पुढे कोणी या ध्वनिमुद्रणावरून त्या काळच्या गायकीचा अभ्यास करील तर त्याची दिशाभूल होईल.

अभियंत्यांनी एक उपाय सुचवला. आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदाला 50 वेळा उलटसुलट होतो, आणि विजेवर चालणाऱ्या जुन्या उपकरणांत त्याची मंद गूं ध्वनिमुद्रणातही उतरते. आमच्या टेपमध्ये ती होती. डेकचा वेग चाचणी टेपवर अचूक लावून घेतल्यावर गूं किती हर्ट्झची येते हे मोजले. ती जवळजवळ 50 भरली. त्यावरून वेग बरोबर आहे असा निष्कर्ष काढण्याच्या बेतात गट होता.

नातीने येथे शंका काढली, आणि ती शंका मला या प्रकरणातील सर्वांत मोलाची वाटते. मूळ टेपरेकॉर्डर विजेवर चालत होता. त्याची मोटर विजेच्या वारंवारतेशी जखडलेली असेल, तर वारंवारता उतरली की मोटरही तितकीच मंदावणार आणि टेप तितकीच सावकाश सरकणार. समजा त्या रात्री पुरवठा 48.5 हर्ट्झवर उतरला होता. टेपही 3 टक्के सावकाश सरकली असेल. आज ती ठरलेल्या वेगाने वाजवली की 48.5 ची गूं पुन्हा 50 च होऊन ऐकू येणार. घड्याळ स्वतःशीच लावून पाहिल्यासारखे हे झाले असते. गूं 50 भरणे हा पुरावाच नव्हता.

अशा वेळी विजेवर न चालणारे काहीतरी हवे होते. ते ध्वनिमुद्रणातच होते : ऑर्गन. पायाने भाता चालवून पितळी स्वरपट्ट्यांतून हवा सोडणाऱ्या या वाद्याचा स्वर विजेच्या पुरवठ्यावर अवलंबून नसतो. कलावंताचा तोच ऑर्गन नाट्यसंस्थेच्या माळ्यावर होता आणि तेथे पाणी पोचले नव्हते. कार्यवाहांनी तो उतरवून घेतला, भात्याची डागडुजी करवली आणि प्रत्येक स्वराची वारंवारता मोजण्यात आली.

तुलनेत असे दिसले की, रात्रीच्या एका प्रयोगाच्या टेपवर ऑर्गनचे सर्व स्वर प्रत्यक्ष ऑर्गनपेक्षा सुमारे 3 टक्के चढे होते, तर दुपारच्या एका तालमीच्या टेपवर ते जवळजवळ जुळत होते. वर्षानुवर्षांच्या गंजाने किंवा सफाईने स्वरपट्टीचा स्वर बदलू शकतो, ही हरकत कारागिरांनी घेतली आणि ती रास्त होती. पण तसे झाले असते तर वेगवेगळ्या पट्ट्या वेगवेगळ्या प्रमाणात सरकल्या असत्या. येथे सर्व स्वर सारख्याच प्रमाणात सरकलेले होते; हे लक्षण वाद्याचे नव्हे, तर टेपच्या वेगाचे होते. शिवाय दोन टेपमध्ये एकच वाद्य असून फरक पडत होता.

कलावंताच्या पत्नी, म्हणजे नातीच्या आजी, आता वयाच्या नव्वदीत आहेत. त्यांना हे समजावून सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “रात्री नाटकाच्या वेळी दिवे मंद व्हायचे हो. ह्यांचे मेहुणे म्हणायचे, आज मशिनला ताकद नाही.” दिवे मंद होणे हे विजेचा दाब कमी होण्याचे लक्षण आहे, वारंवारतेचे थेट नव्हे, परंतु मागणी वाढून पुरवठ्यावर ताण आला की दोन्ही एकदम उतरू शकतात. कोयनेची वीज 1962 पासून मिळू लागली होती, तरी त्या काळच्या सायंकाळच्या भाराची कल्पना या आठवणीतून येते. आम्ही ती आठवण पुरावा म्हणून नव्हे, तर पुराव्याशी जुळणारी नोंद म्हणून लिहून ठेवली.

निर्णय असा झाला : मूळ प्रत ठरलेल्या वेगानेच उतरवायची आणि तिला हात लावायचा नाही. त्यानंतर ऑर्गनशी जुळवून वेग दुरुस्त केलेली दुसरी प्रत तयार करायची आणि किती टक्के दुरुस्ती केली हे तिच्याबरोबर नोंदवायचे. ज्या टेपवर ऑर्गन नाही तेथे अंदाजाने दुरुस्ती करायची नाही.

गोंगाट काढावा की ठेवावा

रेडिओवरून उतरवलेल्या टेपच्या बाबतीत मतभेद झाले. मध्यमलहरीवर ध्वनीचा विद्युत संदेश वाहक लहरीच्या उंचीवर चढवलेला असतो आणि त्यासाठी मिळणारी जागा मर्यादित असते. म्हणून सुमारे 5000 हर्ट्झच्या वरचे फारसे काही श्रोत्यापर्यंत पोचत नाही. त्याच्या वर टेपवर जे आहे ती टेपची आणि यंत्राची सळसळ आहे. ती कापून टाकावी, असे अभियंत्यांचे मत होते. त्यांचे बरोबरही होते.

तथापि या टेप तार जोडून नव्हे, तर रेडिओसमोर मायक्रोफोन ठेवून केलेल्या होत्या. त्यामुळे कार्यक्रमाबरोबर माजघरही ध्वनिमुद्रित झाले आहे. एका टेपमध्ये गाण्याच्या मध्येच एका बाईंचा आवाज येतो. आजींनी तो ऐकल्याबरोबर ओळखला : “या आमच्या वन्सं. चहा झाला म्हणून हाक मारताहेत.” या वन्संचा दुसरा कोणताही आवाज घरात शिल्लक नाही. संगणकावरील गोंगाट काढणाऱ्या प्रणालीने तो आवाज अडथळा मानून जवळजवळ पुसून टाकला असता. चाचणीत तसेच झाले. त्यानंतर गोंगाट काढण्याचा आग्रह कोणी धरला नाही. ऐकायला सुलभ अशी तिसरी प्रत करायची झाल्यास ती वेगळी ठेवावी, एवढेच ठरले.

तबकड्यांचा दुसरा टप्पा

येथे काम तुलनेने सरळ होते. तबकड्या सौम्य साबणाचा थेंब घातलेल्या शुद्ध पाण्याने, मधले कागदी लेबल कोरडे ठेवून धुतल्या. स्पिरिट वर्ज्य केले, कारण लाख त्यात विरघळते. लाँगप्लेसाठीची बारीक सुई या रुंद खाचेच्या तळाशी घसरत जाते, म्हणून सुमारे तिप्पट जाडीची सुई वापरली. कर्ण्याच्या काळातील तबकड्यांना कोणतेही मानक न लावता ध्वनी जसा आहे तसा उतरवला. विजेवर कोरलेल्या ज्या थोड्या तबकड्या तुलनेसाठी घेतल्या, त्यांना खालच्या स्वरांसाठी त्या काळाला साजेशी दुरुस्ती दिली. व्यावसायिक सेवेकडून दबून आलेली ती गायिका आता मोकळी ऐकू येते. गाणे संपल्यावर ती स्वतःचे नाव उच्चारते. त्या काळी मूळ साचे परदेशी कारखान्यात जात आणि तेथील कामगारांना गायक ओळखता यावा म्हणून ही प्रथा होती.

निष्पत्ती

2023 च्या अखेरीपर्यंत चालू शकतील अशा सर्व टेप आणि कर्ण्याच्या काळातील सर्व तबकड्या उतरवून झाल्या. उन्हात वाळवलेल्या तबकड्यांपैकी काही इतक्या वाकल्या आहेत की सुई उडते. त्या तशाच ठेवल्या आहेत. प्रतींचे तीन संच तीन ठिकाणी आहेत आणि त्यांतील एक सांगलीबाहेर, पूररेषेपासून दूर ठेवला आहे. नाट्यसंस्थेच्या वाचनकक्षात अभ्यासकांना टेप ऐकता येतात. संकेतस्थळावर त्या ठेवलेल्या नाहीत. भारतीय कायद्यानुसार प्रकाशित ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षे टिकतो आणि जुन्या तबकड्यांवरील तो संपला आहे. पण नाटकांच्या प्रयोगांत लेखक, संगीतकार आणि कलावंत यांचे हक्क वेगवेगळे असल्याने त्यांच्या वारसांशी बोलणे चालू आहे.

वेगळे काय करता आले असते

खोके फेकले जाणे हे सर्वांत मोठे नुकसान ठरले. टेप वाचल्या आणि त्यांच्याविषयीची माहिती गेली. बुरशी लागलेल्या खोक्यांची छायाचित्रे मोबाइलवर घेऊन मग ते टाकले असते, तरी वेगाच्या प्रश्नावर खर्च झालेले कित्येक महिने वाचले असते. टेपरेकॉर्डर भंगारात गेल्याची हानीही तशीच. तो चालू होण्याची आशा नव्हती हे खरे, पण त्याची मोटर कोणत्या प्रकारची आहे हे पाहून नातीची शंका एका तासात तपासता आली असती. बिघडलेले यंत्र हा त्यावर केलेल्या ध्वनिमुद्रणाचा साक्षीदार असतो, हे पूरग्रस्त घरांना मदत करणाऱ्यांनी आवर्जून सांगितले पाहिजे.

तबकड्या उन्हाऐवजी सावलीत उभ्या ठेवून वाळवायला हव्या होत्या. लाख उष्णतेने मऊ होते. आणि ज्यांनी ध्वनिमुद्रण केले ते गृहस्थ पुरानंतर काही महिने हयात होते. त्या काळात सर्वांचे लक्ष वस्तू वाचवण्याकडे होते आणि त्यांच्याशी बोलणे राहून गेले. मायक्रोफोन कोठे ठेवला, वीज कोठून घेतली, प्रयोगाला जनरेटर होता का, ही उत्तरे त्यांच्याकडेच होती. तंबूतल्या प्रयोगांच्या दोन टेपवर ऑर्गनचे स्वर प्रयोगाच्या मध्येच सरकतात. ते जनरेटरमुळे असावे असा अभियंत्यांचा तर्क आहे, पण तो तपासण्याचा मार्ग उरलेला नाही. म्हणून त्या टेपचा वेग दुरुस्त केलेला नाही.

काही रिळे एकसंध चिकटून घट्ट झाली आहेत. ती ॲसिटेटची असल्याने उष्णता देता येत नाही, आणि ओढून सोडवली तर भुकटी पट्टीपासून सुटते. एका रिळावर प्रयत्न करून पाहावा असे कारागिरांचे मत होते. नातीने आणि आजींनी नकार दिला. ती रिळे थंड, कोरड्या जागी उभी ठेवली आहेत, प्रत्येकाबरोबर टेपचा प्रकार, पुराचे वर्ष आणि आतापर्यंत काय केले आणि काय केले नाही याची लेखी नोंद आहे, आणि दर उन्हाळ्यात त्यांचा वास व आकार तपासून पुढचा निर्णय घ्यायचा असे ठरले आहे.